मानाचा थांबा

हंबीरराव वस्तादांचे दोन्ही कान मोडलेले होते. मातीत घासून, समोरच्याच्या मनगटाखाली चिरडून ते सुकलेल्या अंजिरासारखे झाले होते. मंगळवार पेठेतल्या त्यांच्या तालमीत असा कान म्हणजे दागिनाच. नवा पोरगा कान दुखतो म्हणून कुरकुरायला लागला की वस्ताद आपला कान त्याच्यापुढं करत.

"हात लावून बघ. एकदा मोडला की परत दुखत न्हाय. दुखतंय तवर कच्चा."

या एका वाक्यावर त्यांनी उभा जन्म पोरं घडवली. कुणी केसरीची गदा आणली, कुणी पोलिसात लागलं, कुणी ऊस तोडायला परत गेलं, पण वाक्य खोटं ठरलं असं त्यांना कधी वाटलं नाही. म्हणून ज्या श्रावणात त्यांनी आपल्या सात वर्षांच्या नातीलाही त्याच वाक्याच्या हवाली केलं, त्या श्रावणातही त्यांच्या मनात शंका नव्हती. आणि अडवायला कोणी नव्हतं, कारण त्यांनी कोणाला सांगितलंच नव्हतं.

नातीचं नाव मोना. मुलगा पृथ्वीराज आणि सून संयोगिता यांची एकुलती एक. पोरगी गोरीपान, हाडापेरानं चांगली, पण जगाशी तिचं काही वेगळंच चालायचं. कुकरची शिट्टी झाली की ती कानांवर हात दाबून स्वयंपाकघरातून पळायची. फ्रॉकच्या मानेला शिवलेली कापडी पट्टी कापून टाकल्याशिवाय अंगाला फ्रॉक लागू द्यायची नाही. उलट गरम तव्याला बोट लागून फोड आला, तरी तिनं ‘हूं’ केलं नव्हतं. संयोगिताला तो फोड दुसऱ्या दिवशी अंघोळ घालताना दिसला. शब्द मोजकेच. पाणी. आई. बास. आणि आज्जा.

‘आज्जा’ म्हणताना ती वस्तादांच्या पोटात डोकं खुपसायची आणि रेडकू धडका देतं तशी दाबत राहायची. जितकं दाबून धरावं तितकी ती निवांत व्हायची. मग घशातल्या घशात एकच सूर धरायची, भुंग्यासारखा, बराच वेळ. बायको गेल्यापासून या घरात वस्तादांच्या अंगाला अंग लावून बसणारं दुसरं कोणी नव्हतं. त्यांना तो सूर ऐकू यायचा नाही, कान तेवढे राहिले नव्हते. पण पोटावर त्याची थरथर लागायची.

गेल्या वर्षीच्या अनंत चतुर्दशीनं हे सगळं धोक्यात आणलं.

पेठेतल्या मंडळाची एक रीत होती. गणपतीची मिरवणूक निघाली की ती पहिल्यांदा हंबीरराव वस्तादांच्या दारात थांबायची. वस्ताद गॅलरीत उभे राहायचे, खाली घरची सून गणपतीला ओवाळायची, आणि मंडळाची पोरं वस्तादांना मान म्हणून जेवढं मोठं वाजवता येईल तेवढं वाजवायची. पूर्वी हलगी आणि घुमकं असायचं. आता ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर माणसापेक्षा उंच खोक्यांची भिंत यायची. तिला सगळे डॉल्बी म्हणायचे. डॉल्बी लागला की घरातल्या फडताळातली भांडी आपोआप सरकायची.

गेल्या वर्षी त्या मानाच्या थांब्यात मोना कपाट आणि भिंतीच्या सांदीत शिरली आणि कपाळ भिंतीवर आपटत राहिली. बाहेर काढली तेव्हा भुवईवर टाके घालावे लागले. त्याच आठवड्यात संयोगिता म्हणाली, "तात्या, पुढच्या वर्षी मी हिला घेऊन जयसिंगपूरला जाणार. आणि खरं सांगायचं तर परत यायचा माझा विचार नाही. तिकडं माहेरी घर गावाबाहेर हाय, शाळा बी बघितलीय. ह्या गल्लीत ही पोरगी जगायची न्हाई."

"आनि पृथ्वी?"

"ते येतील शिरोलीवरनं रविवारचे. नायतर न्हाई येणार."

पृथ्वीराज शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत होता. तो खाली मान घालून जेवत राहिला. बायकोची बाजू घ्यावी तर बाप दुखावतो, बापाची घ्यावी तर पोरगी. त्यानं भाकरीची बाजू घेतली.

त्यानंतर शिवांजली नावाची मुलगी आली. आली म्हणजे मोनालाच तिच्याकडं न्यायला लागले. अशा मुलांसाठी एक केंद्र होतं, तिथं ती काम करायची. एकदा संयोगिताला पतसंस्थेतून सुट्टी मिळेना, म्हणून वस्तादच मोनाला घेऊन गेले. शिवांजलीनं त्यांना खुर्ची दिली, आणि त्यांचे कान बघून आवाज जरा चढवला.

"आजोबा, वर पंखा फिरतोय. त्याचा आवाज येतोय तुम्हाला?"

वस्तादांनी वर बघितलं. "आता तू म्हनलीस म्हणून बघितलं की."

"मलाही मघापासून येत नव्हता. आपण खोलीत आलो तेव्हा मेंदूनं तो ऐकला. मग त्यानं ठरवलं, हा रोजचाच आहे, ह्याच्यात धोका नाही, आणि सोडून दिला. मेंदूत असा एक पहारेकरी असतो म्हणा. ओळखीचा माणूस दिसला की तो काठी आपटत नाही. मोनाचा पहारेकरी तसा नाही. शंभराव्यांदा आलेला आवाजही तिला पहिल्यांदाच आल्यासारखा लागतो. काही मुलांच्या बाबतीत तर दर वेळी धोक्याची घंटा आधीपेक्षा मोठी वाजते."

"म्हंजे सवय करायला पाहिजे."

"अशी बळजबरीनं सवय होत नाही. आम्ही आवाजावर काम करतो, पण तो मुलीच्या हातात असतो. तिला नको झालं की बंद. तो कधी बंद होणार हे तिला ठाऊक असतं, त्यानंच फरक पडतो. आणि एक लक्षात ठेवा. ती गप्प बसली म्हणजे सवय झाली असं समजू नका. फार झालं की मेंदू आतून दार लावून घेतो. बाहेरून ते शहाणपण दिसतं."

वस्ताद मान हलवत होते. त्यातलं निम्मं त्यांच्या कानांनी घेतलं नाही आणि उरलेलं निम्मं त्यांनी स्वतःच्या भाषेत फिरवून घेतलं. मेंदू म्हणजे काय, एक स्नायूच. पहिल्या दिवशी पन्नास बैठका मारल्या की मांड्या ओरडतात. म्हणून कोणी बैठका सोडतं?

श्रावण लागला तशी तालमीच्या मागच्या पटांगणात डॉल्बीपुढं वाजवायच्या हलगी-ताशाचा पोरांचा सराव सुरू झाला. संध्याकाळी संयोगिता कामावर असायची. "रंकाळ्यावर फिरवून आनतो," असं शेजारणीला सांगून वस्ताद मोनाला घेऊन निघायचे, आणि रंकाळ्याच्या उलट दिशेला वळायचे.

पहिल्या दिवशी ते लांब, पिठाच्या गिरणीपाशी उभे राहिले. मोनानं कान दाबले. "बास," ती म्हणाली. "बास. बास."

असं ‘बास’ त्यांनी हजारदा ऐकलं होतं. जोर मारताना दंड भरून आले की प्रत्येक पोरगा हेच म्हणतो, आणि वस्तादाचं काम एकच असतं. "अजून एक," ते म्हणाले. "एकच, माझी वाघीन."

पुढं ते पटांगणाच्या कडेला आले. मग आत. मोना त्यांच्या धोतरात शिरायची, हिसका देऊन पळायला बघायची, पण वस्तादांच्या हातातलं मनगट सुटलेलं पेठेत कोणी पाहिलेलं नव्हतं. ते मारत नव्हते, रागावत नव्हते. दर खेपेला येताना तिला खव्याचा पेढा देत होते. काही दिवस ती ‘बास’ म्हणाली. मग एक दिवस म्हणाली नाही.

त्या दिवशी ती हलगीवाल्यापासून हातभर अंतरावर त्यांच्या मांडीवर बसली. हात खाली सोडलेले, डोळे उघडे, नजर समोरच्या भिंतीवर. टिपरू हलगीवर पडलं तरी पापणी हलली नाही.

मंडळाचा अध्यक्ष अमरसिंह, वस्तादांचाच जुना पठ्ठ्या, कमरेवर हात ठेवून बघत होता. "आयला वस्ताद! गेल्या वर्षी ह्या पोरीनं घर डोक्यावर घेतलंतं. काय चारलं?"

"चारलं न्हाय, घडवलं," वस्ताद म्हणाले. "तुला घडवायला जास्त दिस लागलंतं. तू तर रडायचास बी."

पोरं खदखदून हसली. मोना हसण्याकडंही वळली नाही.

घरात बदल दिसायला लागला. कुकरची शिट्टी झाली तरी ती जागेवर बसून राहायची. वस्तादांनी एकदा संयोगितासमोर मुद्दाम पितळी परात फरशीवर टाकली. मोना तशीच.

"बघ," ते म्हणाले.

संयोगिता परातीकडं न बघता पोरीकडं बघत होती. "तात्या, ही गुणगुणायची थांबलीय. तुमच्या ध्यानात आलं का?"

त्यांच्या ध्यानात आलं होतं. पोटावर थरथर लागत नव्हती. खरं तर डोकं खुपसायलाच ती येत नव्हती. पण मल्ल मोठा झाला की लाड मागत नाही. "शानी व्हायला लागली," ते म्हणाले.

"जेवत बी न्हाई धड. आणि उकाड्यात बी लांब बाह्यांचाच फ्रॉक पाहिजे म्हणून हटून बसती, अंघोळीला बी बाही वर करू देत न्हाई. आधी बाही अंगाला लागू द्यायची न्हाई."

"थंडी वाजत आसल. पाऊस हाय."

ज्या माणसानं नुसत्या बोटांनी चाचपून कोणाचा खांदा निखळणार हे आधी सांगावं, त्यानं नातीची बाही वर करून बघितली नाही.

गणपती बसले. विसर्जनाच्या दोन दिवस आधी संयोगितानं पिशवी भरली. वस्ताद तिच्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले. सुनेच्या खोलीपाशी ते कधी येत नसत.

"एवढी एक मिरवणूक बघ," ते म्हणाले. "पोरगी टिकली तर हितंच ऱ्हावा. न्हाय टिकली, तर मी सोता तुमास्नी गाडीत बसवतो. परत तोंड उघडणार न्हाय."

"मग दारातला थांबा तरी नको म्हणा. अमरसिंह भाऊजी तुमचा शब्द मोडणार न्हाईत. एवढ्या वर्षी पुढं जावा म्हणावं."

वस्तादांचा चेहरा ताठ झाला. "माझ्या वस्तादापासनं चालत आलाय त्यो मान. उद्या पेठ म्हनंल, वस्तादाला आवाज सोसंना झाला."

संयोगितानं पिशवीची चेन लावली, पण पिशवी उचलली नाही. सासऱ्यानं दारात येऊन मागितलेलं तिला मोडता आलं नाही. आणि पोरगी खरोखरच गप्प होती. गप्प पोरीचं काय करायचं हे घरात कोणालाच ठाऊक नव्हतं.

चतुर्दशीला दिवस मावळतानाच मिरवणूक गल्लीत शिरली. दिसायच्या आधी ती पायांना कळली. गॅलरीच्या लोखंडी कठड्यावर वस्तादांचा हात होता, तो कठडा झिणझिणायला लागला. समोरच्या घराच्या खिडक्यांना चिकटपट्ट्यांच्या फुल्या मारल्या होत्या. शेजारच्या म्हाताऱ्या धोंडुबाईंना त्यांच्या मुलानं सकाळीच लेकीकडं पोचवलं होतं. रस्त्यावरची कुत्री कुठं गेली होती कोण जाणे, एकही दिसत नव्हतं.

वस्तादांनी फेटा बांधला होता. अंगात पांढराशुभ्र नेहरूशर्ट. मोना त्यांच्या कडेवर, गाल त्यांच्या खांद्याला लावून, हात त्यांच्या मानेमागं. संयोगिता ओवाळायचं ताट घेऊन खाली दारात गेली. जाताना जिन्यावरून तिनं दोनदा मागं बघितलं. पृथ्वीराज खाली ट्रॅक्टरपुढं दोरी धरून चालत होता.

मिरवणूक दारात आली आणि थांबली. अमरसिंहानं वर बघून दोन्ही हात जोडले. मग वळून खोक्यांच्या भिंतीपाशी बसलेल्या माणसाला खूण केली.

तो आवाज नव्हता. कानांना तो कळायच्या आधी छातीत शिरला. वस्तादांच्या बरगड्या आतून कोणी दाबल्यासारख्या झाल्या. हिरवे-लाल झोत घराच्या भिंतीवरून फिरले, मोनाच्या उघड्या डोळ्यांवरून गेले. पापणी हलली नाही. टिकली, वस्तादांना वाटलं. माझी वाघीण टिकली. त्यांनी तिला मिरवावं तसं जरा पुढं धरलं. खाली पोरांनी शिट्ट्या मारल्या.

मग त्यांना मानेवर ओल लागली.

घाम असेल म्हणून त्यांनी हात मागं नेला. बोटं लाल झाली. गळ्यातलं तिचं मनगट त्यांनी सोडवून पुढं घेतलं, तसं ते तिच्या दातांतून सुटलं. लांब बाही भिजून काळपट झाली होती. त्यांनी ती वर केली. मनगटापासून कोपरापर्यंत दातांचे वण होते. आजचे ताजे. त्याखाली कालचे. त्याखाली पिवळे पडलेले, श्रावणातले. ती रडत नव्हती. दुखत असल्याची एक रेघही तिच्या तोंडावर नव्हती. डोळे भिंतीवर होते, आणि त्यांच्यामागं कोणी नव्हतं.

"बास!" वस्ताद ओरडले.

या शब्दावर एके काळी आखाड्यातल्या सगळ्या जोड्या जागच्या जागी सुटायच्या. आज तो त्यांचा त्यांनाही ऐकू आला नाही. त्यांनी पुन्हा ओरडून उजवा हात वर केला, पंजा उघडा करून, थांबा म्हणून.

खाली अमरसिंहानं तो हात पाहिला. वस्तादांनी वरून आशीर्वाद दिला! त्याचं तोंड आनंदानं उजळलं. त्यानं दोन्ही मुठी आभाळाकडं नेल्या आणि खोक्यांपाशी बसलेल्या माणसाला ओरडून खूण केली, अजून वर.

फडताळातली कळशी खाली आली. वस्ताद वळले. जिना पुढच्या दारात उतरत होता आणि तिथं गर्दीची भिंत होती. ते मागच्या लोखंडी जिन्यानं उतरले, पोरीला पोटाशी आवळून, बोळातून तालमीत शिरले. तालीम रिकामी होती. दगडी भिंती हातभर जाड. आत बाईमाणसाचं पाऊल पडत नाही, मुलीचंसुद्धा, ही रीत वस्तादांनी स्वतः आयुष्यभर सांभाळली होती. उंबऱ्यावर ते क्षणभरही थांबले नाहीत.

आखाड्यातली लाल माती ताक-हळद घालून नुकतीच उकरलेली होती, मऊ आणि गार. कुस्ती झाल्यावर अंग तापलेल्या मल्लाला त्या मातीत निजवून वरून माती ओढायची रीत आहे. त्यांनी मोनाला तसंच निजवलं. दुखरा हात फेट्यात गुंडाळून वर ठेवला आणि बाकी अंगावर ओंजळींनी माती ओढली, जड होईपर्यंत. मग तिच्याशेजारी गुडघ्यांवर बसून दोन्ही पंजांनी दाबत राहिले, ती पोटावर डोकं दाबायची तसं.

हळूहळू तिचे डोळे मिटले. वस्तादांचा श्वास सुटला. तेवढ्यात तळव्यांना काहीतरी लागलं. धप्. धप्. भिंतीतून नव्हतं येत. खालून येत होतं. माती हलत होती. आणि तिच्या मिटलेल्या पापण्या त्याच ठेक्यावर थरथरत होत्या.

ताट टाकून संयोगिता वर गेली होती. गॅलरी रिकामी, आणि मागच्या जिन्याकडं थेंब गेलेले. थेंबांच्या मागोमाग ती तालमीच्या दारापर्यंत आली आणि लग्न होऊन आल्यापासूनच्या सवयीनं उंबऱ्याशी अडली. मग आत आली. मातीतली पोरगी बघितली, फेट्यातला हात बघितला.

"काय केलंत तात्या?"

वस्तादांनी सगळं सांगितलं. गिरणी, पटांगण, पेढे. माती दाबायचं न थांबवता सांगितलं. ती ऐकत होती की नाही, त्यांना कळलं नाही. तिनं एकदाच विचारलं, "बास म्हणत होती?"

"म्हनत होती."

"आणि तुम्ही?"

वस्तादांनी मातीची आणखी एक ओंजळ ओढली. बाहेर मिरवणूक पुढं सरकली होती, पण पलीकडच्या गल्लीतलं मंडळ वळणावर येत होतं. माती पुन्हा थरथरू लागली होती.

"पृथ्वीला गर्दीतनं काढ," अखेर ते म्हणाले. "मागच्या बोळात गाडी आनू दे. पिशवी भरलेलीच हाय न्हवं? आधी हाताचं डागदराला दाखवा, आन् तसंच जयसिंगपूरला जावा. हितं परत आनू नका."

गाडीत बसवताना त्यांनी मोनाच्या केसांतली माती झटकली. "आज्जा म्हन," ते हळूच म्हणाले. ती त्यांच्या आरपार बघत राहिली.

महिना झाला. पृथ्वीराज रविवारी जयसिंगपूरला जातो आणि सोमवारी पहाटे परस्पर शिरोलीला कामावर येतो. हाताच्या जखमा भरल्या, असं तो सांगतो. पोरगी जेवते. शब्द एकही नाही. वस्तादांनी शिवांजलीला फोन लावून विचारलं, बोलेल का परत? ती म्हणाली, "आतून लावलेलं दार आहे, आजोबा. बाहेरून ढकलायचं नाही. कधी उघडेल, मला सांगता येणार नाही."

परवा अमरसिंह पेढे घेऊन आला होता. "यंदा मान कसला झाला वस्ताद! पेठेत असं कधी वाजलं न्हाय. तुम्ही हात वर केलासा आन् पोरांस्नी जोर आला. फुडल्या वर्षी डॉल्बी बेंगलोरवरनं मागवतोय. ह्याच्या दुप्पट."

"पुढच्या वर्षी माझ्या दारात थांबू नकोस," वस्ताद म्हणाले.

अमरसिंह हसला. वस्तादांची थट्टा त्याच्या जुन्या परिचयाची होती. पेढ्याचा पुडा ठेवून तो गेला.

घरात कोणी नव्हतं. वस्ताद खुर्चीत बसून राहिले. थोड्या वेळानं त्यांना पंख्याचा आवाज ऐकू आला. या खोलीत तो पंखा पृथ्वीराजच्या जन्माच्या आधीपासून फिरत होता आणि त्यांनी तो कधी ऐकला नव्हता. ते वाट बघत राहिले की आता तो मागं पडेल, रोजचा होईल. तो मागं पडला नाही. त्यांनी उठून बटण दाबलं. पाती थांबली.

आवाज चालूच होता.